दुकानाचा डेटा, विश्वामित्री आणि एकाच कपाटातल्या दोन हार्ड डिस्क

कंकोत्रीवाली | १ जून २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत यंदा जेसीबी उतरलेत, पात्र रुंद होतंय, सगळे म्हणतायत आता काळजी नाही. तरी ढग दिसले की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून हा धागा.

सयाजीगंजमध्ये आमचं बेसमेंटला लग्नपत्रिकांचं (इथल्या भाषेत कंकोत्र्यांचं) दुकान. सासऱ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलं, आता मी, नवरा, एक डिझायनर मुलगा आणि कटिंगवाले भाई. गेल्या ऑगस्टमध्ये सातम-आठमची सुट्टी, त्यात रविवार जोडून आला, शटर बंद. आम्ही मांजलपूरला घरी. सोमवारी जन्माष्टमीला पाऊस कोसळायला लागला आणि मंगळवारी नदी शहरात. कालाघोड्याच्या पुलाला नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. चौथ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा खुर्च्या छताला टेकून परत खाली आल्याच्या खुणा होत्या.

मशिनं गेली, कागद गेला, ते समजू शकते. पण गेली ती वीस वर्षांची डिझाइनं. आणि आम्ही अगदीच अडाणी नव्हतो हो, बॅकअप होता! दोन हार्ड डिस्क. दोन्ही गोदरेजच्या एकाच कपाटात, एकाच खणात, एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात. डबा तरंगत कोपऱ्यात गेलेला मिळाला, आत पाणी भरलेला.

टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा सीएंकडे होता म्हणून हिशेब वाचला. डिझाइनं मात्र गिऱ्हाइकांकडून जुन्या पत्रिका मागवून मागवून पुन्हा करतोय. "थोरल्याच्या लग्नात होती तशीच धाकट्याची करा" म्हणणाऱ्यांना काय सांगू?

तर प्रश्न असा. चार माणसांच्या धंद्याने, ज्याच्याकडे आयटीवाला म्हणून फक्त महिन्यातून एकदा येणारा एक भाई आहे, नक्की काय करावं? परवडेल असं आणि रोज होईल असं सांगा. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

मगर_मांजलपूर | १ जून, रात्री १०:५८

पहिला मी! तुमच्या डिस्क कदाचित आमच्या सोसायटीत आलेल्या मगरीने गिळल्या असतील, वनखात्याला विचारा.

(सॉरी ताई. आमचंही इन्व्हर्टर गेलं त्यात. वाचतोय.)

तारतम्य | १ जून, रात्री ११:३०

आधी एक विचारतो. त्या ओल्या डिस्कचं नंतर काय केलंत?

कंकोत्रीवाली | १ जून, रात्री ११:३६

हसू नका. गच्चीवर उन्हात वाळवल्या. पापडासारख्या. दोन दिवसांनी भाईने लावून बघितली, टक टक टक आवाज आला आणि बंद.

तारतम्य | २ जून, सकाळी ७:१५

नाही हसत. निम्म्या बडोद्याने तेव्हा तेच केलं असणार. पण पुढच्या वेळी (न येवो) उपयोग होईल म्हणून लिहितो.

फिरणाऱ्या तबकडीची साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं, आत गाळणी. पुराचं पाणी तिथून आत जातं आणि सोबत गाळ नेतं. तबकडी आणि वाचणारं टोक यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. वाळवली की पाणी उडून जातं आणि गाळ तबकडीवर चिकटून बसतो. मग वीज दिली की ते टोक गाळावर आपटत जातं. तुम्ही ऐकलेली टकटक बहुधा तीच. म्हणून नियम उलटा: वीज लावायची नाही, ऊन नाही, ड्रायर नाही, तांदळात पुरायची नाही. आहे तशी ओली, झिपच्या पिशवीत बंद करून, लवकरात लवकर डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे. पैसे बरेच लागतात आणि मिळेलच असं नाही, पण संधी राहते.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, ऑफिसला निघालोय. (पुण्यात असतो, पण शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचं, एमएसयूचं. फतेहगंजच्या सेव उसळची शपथ.)

इंदूरचा_पोहा | २ जून, सकाळी ८:०२

सेव उसळची शपथ चालत नाही. शपथ पोह्यांची घेतात, जिरावन घालून.

मगर_मांजलपूर | २ जून, सकाळी ८:०५

झालं सुरू.

अण्णा_रावपुरा | २ जून, सकाळी ९:४०

आमच्या वेळी हिशेबाचे लाल चोपडे असत. दिवाळीला पूजन, वर्षभर लिहिणे. ना पासवर्ड, ना व्हायरस. माझ्या वडिलांच्या हातचे १९६२ चे चोपडे अजून माळ्यावर आहेत, उघडून वाचता येतात. तुमची २०१२ ची सीडी वाचून दाखवा बघू कोणी.

कंकोत्रीवाली | २ जून, सकाळी ९:५५

अण्णा, माळ्यावर आहेत म्हणून आहेत. आमच्याकडे सासऱ्यांच्या ऑर्डरच्या वह्या तळघरात होत्या, त्यांचा लगदा झाला. शाई पाण्यात उतरून सगळं पाणी निळं झालं होतं.

अण्णा_रावपुरा | २ जून, सकाळी १०:१०

खरे आहे. म्हणजे गुण चोपड्याचा नाही, माळ्याचा. हे मान्य. माझ्या लक्षात आले नव्हते.

हिशेबनीस | २ जून, दुपारी १:२०

अण्णांच्या माळ्याला माझ्याकडून +१. मी बडोद्यात सीए आहे, पुरानंतरचे सहा महिने कसे गेले ते मलाच माहीत.

तीन गोष्टी सांगते, कारण धाग्यावर यंत्राबद्दल बोलणारे खूप येतील, कागदाबद्दल कोणी बोलणार नाही.

जीएसटी कायद्यात हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. पुराने नेली म्हणून नोटीस येणं थांबत नाही. भिजलेल्या कपाटाचे, शटरचे, पाण्याच्या खुणेचे फोटो तारखेसह ठेवा, स्थानिक अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक आहे: इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, हा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. घरच्या मालकीच्या दुकानाला तो लागू नाही, पण सवय म्हणून वाईट नाही.

दुसरं, विमा. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे, तीत पूर धरलेला असतो. पण ती यंत्रासाठी आणि मालासाठी. डिस्कमधल्या डिझाइनची किंमत कुठलाही सर्व्हेअर लावून देणार नाही. वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, एजंट ते पान उलटतच नाहीत.

तिसरं, सरकारी मदत. गेल्या वर्षी महिन्याला पाच लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानांना ८५ हजार रुपये जाहीर झाले होते. ज्यांची कागदपत्रं हाताशी होती त्यांचे अर्ज झटपट गेले. बाकीचे माझ्याकडे रडत आले, आणि माझ्याकडे त्यांची जुनी विवरणपत्रं होती म्हणून काम झालं. तेव्हा ताई, तुमचा हिशेब माझ्यासारख्या कुणाकडे वाचला तो नियोजनाने नव्हे, योगायोगाने. सीएचं ऑफिस तुमचा बॅकअप नसतं. माझं ऑफिस अकोट्याला आहे. तिथेही पाणी आलं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर आहे एवढंच.

चिनूची_आई | २ जून, दुपारी २:०५

हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांसाठी. माझा डब्यांचा धंदा, पंचेचाळीस डबे, सगळं एका फोनवर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, उधारी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. पुरात नाही, मांडवीत गर्दीत फोन मारला कोणीतरी. कोणाचा जैन डबा, कोणाचा बिनतिखट, कोणाचे किती बाकी, सगळं गेलं. दोन जणांनी प्रामाणिकपणे बाकी सांगितली. त्रेचाळीस जणांचं म्हणणं, "काकी, आपण तर सगळं दिलेलं ने?"

मगर_मांजलपूर | २ जून, दुपारी २:११

त्रेचाळीसपैकी एक मी नाही. मी आधीच्या बेचाळिसात.

तारतम्य | २ जून, रात्री ९:४५

चिनूच्या आई, व्हॉट्सॲपचा बॅकअप सेटिंगमध्ये रोजचा करून ठेवा. तो तुमच्या गूगल खात्याच्या १५ जीबीत मोजला जातो, पूर्वी मोजला जात नव्हता. त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओंनी खातं भरलं की बॅकअप थांबतो आणि आपलं लक्षही जात नाही. टू-स्टेप पिन घाला. आणि उधारी एका वहीत लिहून रोज रात्री त्या पानाचा एक फोटो यजमानांना पाठवा. वही आणि फोन एकदम चोरीला जाणार नाहीत.

आता कंकोत्रीवाली ताई. सगळीकडे सांगतात तो हिशेब साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या ठिकाणी, एक वेगळ्याच जागी. तुमच्याकडे प्रती तीन होत्या (कॉम्प्युटर आणि दोन डिस्क) पण ठिकाण एकच. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने एकच प्रत. आग लागली असती, चोरी झाली असती, तरी तेच.

तुमच्यासाठी मी म्हणेन, एक प्रत दुकानात, एक मांजलपूरच्या घरी, एक पैसे भरलेल्या क्लाउडवर. त्यासाठी डिस्क दोन घ्या आणि दर शनिवारी अदलाबदल करा, म्हणजे एक कायम घरी. पुराचा इशारा आला तर नवऱ्याने दुकानाकडे पळायची गरजच नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षी लोक कॉम्प्युटर वाचवायला कमरेएवढ्या पाण्यात गेले.

जुना_पापी | ३ जून, सकाळी ६:५०

क्लाउड-बिउड सांगू नका. आमच्या भाच्याने ड्राइव्हवर ठेवलं होतं सगळं, गेलं. आपल्या वस्तू आपल्या घरात. लोकांच्या गोदामात माल ठेवून निवांत झोपणारा मी नव्हे.

तारतम्य | ३ जून, सकाळी ८:३०

कसं गेलं, ते सांगाल का? बहुतेक वेळा तिथेच गंमत असते.

जुना_पापी | ३ जून, सकाळी ९:१५

दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवरचं फोल्डर उडवलं, ड्राइव्हवरचंही उडालं. दोन महिन्यांनी कळलं.

तारतम्य | ३ जून, सकाळी ९:४०

तेच. ते फोल्डर आरशासारखं जोडलेलं होतं. इथे पुसलं की तिथेही पुसलं. उडवलेलं कचरापेटीत तीस दिवस असतं, त्यानंतर ड्राइव्ह स्वतःच साफ करतं. आरसा आणि बॅकअप वेगळे. आरशात तुमचं आजचं तोंड दिसतं, दोन महिन्यांपूर्वीचं नाही.

आणि तुमचा अविश्वास अगदी बिनबुडाचा नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला एका मोठ्या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, कित्येकांच्या साइट गेल्या, कारण बॅकअपही त्याच आवारात. म्हणजे ताईंचं गोदरेज कपाट, फक्त युरोपातलं. म्हणून क्लाउड सुद्धा ठेवा म्हणतोय, क्लाउडच ठेवा म्हणत नाही.

मगर_मांजलपूर | ३ जून, सकाळी ९:४४

"ताईंचं गोदरेज कपाट, फक्त युरोपातलं", हे फ्रेम करून लावतो.

दातांची_डॉक्टरीण | ३ जून, रात्री ११:०५

सगळे पाण्याबद्दल बोलताय. आमच्याकडे पाणी आलं नाही, तरी बुडालो.

कारेलीबागेत क्लिनिक. रिसेप्शनचा कॉम्प्युटर, त्यावर पेशंटांचे रेकॉर्ड, एक्स-रे आणि टॅली. कोविडच्या काळात अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून आमच्या कॉम्प्युटरवाल्याने बाहेरून थेट आत येण्याची सोय करून दिली. रिमोट डेस्कटॉप की काय ते. पासवर्ड होता क्लिनिकचं नाव आणि १२३. कोविड गेला, अकाउंटंट बदलला, सोय तशीच.

एका सोमवारी सकाळी उघडतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे विचित्र अक्षरं, काहीच उघडेना, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी: बिटकॉइन द्या. बॅकअपची डिस्क? चोवीस तास यूएसबीला लावलेली. तीही कुलूपबंद. रविवारी रात्री कोणीतरी निवांत बसून हे केलेलं होतं.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं पैसे देऊन मोकळं व्हावं. मी नाही म्हटलं. एक तर देऊन मिळेल याची हमी काय, आणि दुसरं, माझ्या पेशंटच्या पैशातून त्या माणसाला पगार का द्यायचा? घरात चार दिवस अबोला होता.

वाचवलं कोणी माहितीय? जुन्या अकाउंटंटने जाताना "असू दे" म्हणून एका पेनड्राइव्हवर कॉपी ठेवली होती, ड्रॉवरमध्ये. अडीच महिने जुनी. बाकीचं रिसेप्शनच्या अपॉइंटमेंट डायरीवरून पुन्हा भरलं. एक्स-रे गेले ते गेलेच. पेशंटांना बोलावून सांगावं लागलं. ते सांगणं सगळ्यात जड होतं, पैसे नव्हे.

तारतम्य | ४ जून, सकाळी ७:२०

डॉक्टर, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. आत घुसणाऱ्यांचा हा फार नेहमीचा रस्ता. त्या रिमोट डेस्कटॉपला ३३८९ क्रमांकाचं दार असतं. जगभर यंत्रं दिवसरात्र तो क्रमांक ठोठावत फिरत असतात, दार सापडलं की पासवर्ड लावून बघतात. क्लिनिकचं नाव आणि १२३ काही मिनिटांचं काम. टॅली घरून हवं असेल तर व्हीपीएनमधून (म्हणजे फक्त आपल्यासाठीच्या बंदिस्त जोडणीतून), नाहीतर नको.

आणि डिस्क लावून ठेवायची नाही, हे शंभर वेळा लिहून ठेवा. बॅकअप झाला की उपटा, कपाटात टाका. (दुसऱ्या मजल्यावरच्या.)

पुढच्या कुणासाठी: "नो मोअर रॅन्सम" नावाची साइट आहे, २०१६ मध्ये डच पोलीस आणि युरोपोल वगैरेंनी सुरू केली. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही. पण कुलूपबंद फाइली पुसून टाकू नका, आज नाही तर पुढे किल्ली निघू शकते.

दातांची_डॉक्टरीण | ४ जून, सकाळी ८:१०

त्या एक्स-रेंची डिस्क अजून ठेवली आहे. नवरा म्हणतो अस्थी आहेत त्या.

लीलो_चेवडो | ४ जून, दुपारी १२:३०

प्र.का.टा.आ.

मगर_मांजलपूर | ४ जून, दुपारी १२:३३

काढलेल्या प्रतिसादाचा बॅकअप आहे का कोणाकडे?

कागदवाला | ४ जून, दुपारी ४:१५

मकरपुरा जीआयडीसी. आमच्याकडे नेहमीच्या सप्लायरचा मेल आला, "आमचं बँक खातं बदललं, यापुढे इथे भरा." लेटरहेड तेच, आधीच्या संवादाची साखळीही तीच. आमच्या मुलाने पावणेतीन लाख पाठवले. मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, डोळ्याला दिसत नाही.

१९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) लगेच फोन केला, तासाभरात. त्यामुळे थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली, बाकी पसार. तेव्हापासून नियम: खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. सप्लायर वैतागतात, वैतागू देत.

अवांतर: कंकोत्रीवाली ताई, तुमचं कार्डशीट कोणाकडून घेता?

कंकोत्रीवाली | ४ जून, संध्याकाळी ६:००

भाई, विपूत (विचारपुशीत) बोलू :)

डॉक्टरांचं वाचून आमच्या भाईला फोन केला. आमच्याही कॉम्प्युटरवर तशी सोय आहे! "बेन, तुम्हाला काही झालं तर मी घरून बघू शकतो ने, म्हणून." आणि आमचा वायफाय, ईमेल, डिझाइनचं खातं, सगळ्याचे पासवर्ड त्याच्या वहीत. आमच्याकडे एकही नाही. उद्या तो कॅनडाला गेला तर?

हिशेबनीस | ४ जून, संध्याकाळी ७:२५

गेला तर? अर्धं गुजरात तिथेच आहे.

खूप क्लायंटांकडे हे बघते. जीएसटीला लावलेला मोबाइल नंबर कोणाचा, तर जुन्या अकाउंटंटचा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाला (माल पाठवतानाच्या ऑनलाइन कागदाला) छोट्या-मोठ्या सगळ्यांना ओटीपीची दुसरी पायरी लागते. तो नंबर ज्या माणसाच्या खिशात, त्याच्या हातात तुमची गाडी गेटबाहेर जायची की नाही हे. पोर्टलवर उप-वापरकर्ते करता येतात, प्रत्येकाचा नंबर वेगळा. ते करून घ्या.

आणि पासवर्डचा कागद मालकाच्या घरी, लॉकरमध्ये. टॅलीला व्हॉल्ट पासवर्ड लावला असेल तर तो आधी लिहा. तो विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही.

ब्लॅकआउट_बहादूर | ५ जून, सकाळी ९:००

मी विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळतो. गेल्या महिन्यात ७ तारखेला नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलला सायरन वाजले, लोकांनी दिवे घालवले, पोरं जिन्यातून खाली पळाली. मला एकच वाटलं: दुकानाच्या बॅकअपची ड्रिल कोणी केलीय का कधी? बॅकअप "घेतोय" सगळेच. परत आणून बघितलंय कोणी?

तारतम्य | ५ जून, सकाळी ९:२२

या प्रतिसादासाठी उभं राहून टाळ्या. ताई, पाऊस यायच्या आत एक दिवस काढा. दुसऱ्या, कोऱ्या लॅपटॉपवर बॅकअपमधून एक जुनी पत्रिका उघडा, दुरुस्त करा, छापा. ज्या गोष्टीला अडाल ती लिहून ठेवा.

आणखी एक: विंडोज १० च्या आधाराची (कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्यांची) शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५. डिझाइनचे कॉम्प्युटर जुने असतील तर आत्ताच बघा. २०१७ च्या मेमध्ये वॉनाक्राय नावाच्या, फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी "नंतर करू" म्हटलं ते अडकले.

इंदूरचा_पोहा | ५ जून, सकाळी ११:४०

इंदूरला राजवाड्याजवळ कापडाचं दुकान. इकडे पूर नाही, पण विजेचा झटका आहे. गेल्या पावसात ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली, यूपीएस, राऊटर, बिलिंगचा कॉम्प्युटर, एका दणक्यात. यूपीएसने अडवलं नाही, कारण यूपीएस म्हणजे बॅटरी, ढाल नव्हे, हे तेव्हा कळलं. इलेक्ट्रिशियनने मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवला आणि अर्थिंग तपासलं. अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती. पंधरा वर्षं.

चिनूची_आई | ५ जून, दुपारी ३:१०

पोहेवाले भाऊ, एकदा तरी सेव उसळबद्दल चांगलं बोला मग तुमचा प्रतिसाद वाचते.

समावाली | ६ जून, सकाळी १०:२०

समाला राहते, आमच्या गल्लीत २०१९ लाही पाणी होतं (३१ जुलै, एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पडला होता) आणि २०२४ लाही. आमचं शिवणकामाचं युनिट. तंत्रज्ञानातलं मला कळत नाही, उचलाउचलीचं कळतं.

पालिका आजवा धरणाची आणि विश्वामित्रीची पातळी रोज देते. आमचा ठराव असा की कालाघोड्याला २० फूट झाले की मीटिंग नाही, विचारणा नाही, मशिनचे मोटर वरच्या मजल्यावर. कोणी "अजून बघू" म्हणायचं नाही. गेल्या वर्षी सुट्टी होती तरी शेजारच्या मुलाकडे किल्ली होती, त्याने फोनवर विचारून उचललं. दुसरं, भिंतीतले सॉकेट चार फुटांवर घेतले. बॅटरी जमिनीवर नाही, उंचावर लाकडी फळी टाकून.

किल्ली शेजाऱ्याकडे असणं हाच आमचा डिझास्टर प्लॅन.

अण्णा_रावपुरा | ६ जून, दुपारी ४:००

समावाली ताई, हे मला पटले. विश्वामित्री तीच, उपाय तेच, फक्त नावे नवी.

जुना_पापी | ७ जून, सकाळी ७:०५

एक कबुली. भाच्याला सांगून एक डिस्क घेतली, ती आमच्या आत्याकडे तिसऱ्या मजल्यावर, देवघराखाली. आत्या रोज हळदीकुंकू लावते तिला.

मगर_मांजलपूर | ७ जून, सकाळी ७:१०

यूएसबीच्या छिद्रात नको म्हणावं.

कंकोत्रीवाली | २२ जून २०२५, रात्री ११:५०

धागा वर काढते, राग मानू नका. ड्रिल केली.

डिस्क घेतल्या, घरी एक, दुकानात एक. क्लाउडही घेतलं. रिमोटची सोय भाईसमोर बसून बंद करवली, पासवर्डची वही आता माझ्याकडे. तो जरा खट्टू झाला, त्याला चहा पाजला.

आज रविवार, भाचीचा कोरा लॅपटॉप आणला. बॅकअपमधून पुरानंतर पुन्हा तयार केलेली एक कंकोत्री काढली. फाइल उघडली! मी ओरडले इतकी खूश झाले. आणि मग बघते तर गणपती जागेवर, मोर जागेवर, कमान जागेवर, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी कचरा. "श्री गणेशाय नमः" च्या जागी कंस, पाउंडाची खूण, टिंबं.

डिझायनर पोराने डोक्याला हात लावला. आमचं सगळं गुजराती-मराठी जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं) नाही. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, आपण तर फक्त "डिझाइन" नावाचं फोल्डर कॉपी करत होतो. शिवाय ते सॉफ्टवेअर चालायला एक डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लागतो, तो दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मागे लावलेला. म्हणजे उद्या पाणी आलं तर सगळी अक्षरं त्या बोटभर काळ्या तुकड्यात.

आता काय करू सांगा.

तारतम्य | २३ जून, सकाळी ७:००

ड्रिलने काम केलं. हे पावसाळ्यानंतर कळलं असतं तर?

फॉन्टचं फोल्डर पूर्ण बॅकअपमध्ये घाला. प्रत्येक पूर्ण झालेल्या पत्रिकेची एक पीडीएफ करा आणि कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरांचे कर्व्ह्ज करून दुसरी प्रत ठेवा. कर्व्ह्ज केलं की अक्षराचं चित्र होतं, फॉन्ट लागत नाही, पण नाव बदलता येत नाही. म्हणून मूळ फाइलही हवी, दोन्ही ठेवा. नवीन कामं शक्य तितकी युनिकोडमध्ये. डोंगलचा परवाना कंपनीकडे तुमच्या नावावर आहे का, तो बुडाला तर नवीन कसा मिळतो, हे आजच फोन करून विचारा. बिल शोधा. बिल तळघरात नसेल अशी आशा.

कंकोत्रीवाली | २३ जून, सकाळी ७:१८

बिल तळघरात होतं.

हिशेबनीस | २३ जून, सकाळी ८:०५

थांबा. जीएसटी आल्यावर, २०१७ नंतर घेतलं असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं असणार, म्हणजे तुमच्या सीएंकडे नोंद आहे. विक्रेत्याचं नाव, बिल नंबर, तारीख मिळेल. आज विचारा.

कंकोत्रीवाली | २३ जून, दुपारी १:४०

मिळालं! २०१८ चं. कंपनीला फोन केला, त्यांनी बिल नंबर लिहून घेतला, परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणाले. ते गेल्याला चार वर्षं झाली. आता तो बदलायचा अर्ज करतेय.

बाहेर पाऊस सुरू झालाय. डोंगल पर्समध्ये आहे.

मगर_मांजलपूर | २३ जून, दुपारी १:४३

पर्स घेऊन मांडवीत जाऊ नका.